पास आहे, गाडी नाही

आमच्या गावात रात्री साडेआठला मुक्कामी गाडी यायची. ड्रायव्हर आणि कंडक्टर मारुतीच्या देवळात झोपायचे. कुणाच्या ना कुणाच्या घरून त्यांना भाकरी-कालवण जायचं. सकाळी सहाला तीच गाडी तालुक्याला निघायची. रात्री येताना गाडीत सात-आठ माणसं असायची, सकाळी जाताना पाय ठेवायला जागा नसायची. माझी अकरावी-बारावी त्या गाडीत झाली. पुढचं इंजिनीअरिंग, नोकरी, हातातला लॅपटॉप, सगळं त्या सहाच्या गाडीनंतरचं.

काही वर्षांपूर्वी ती मुक्कामी गाडी बंद झाली. कारण एका शब्दाचं होतं: भारमान. रात्रीच्या फेरीला भारमान मिळत नाही. कागदावर ते खरंच होतं. सात-आठ माणसांसाठी चाळीस-पंचेचाळीस सीटची गाडी कोण पाठवेल? पण रात्री गाडी आलीच नाही तर सकाळी सहाला निघणार कुठून? आगारातून पहाटे रिकामी गाडी पाठवायची तर डिझेल वाया. म्हणून सकाळची पहिली गाडी साडेआठची झाली. तालुक्याचं कॉलेज साडेसातला भरतं.

माझ्या चुलत बहिणीला दहावीला एक्याण्णव टक्के होते. तिला सायन्स घ्यायचं होतं. मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत आहे, अहिल्याबाई होळकरांच्या नावाची ती योजना आहे. पास होता, गाडी नव्हती. वडापने रोज पाठवायला काका तयार नव्हते. तिने जवळच्या गावातल्या ज्युनिअर कॉलेजात आर्ट्स घेतलं. घरात भांडण झालं नाही, रडारड झाली नाही. गाडी नाही म्हटल्यावर विषयच संपला.

मी त्या आगाराचं नाव घेणार नाही, कारण दोष एका आगाराचा नाही. दोष हिशोबाच्या पद्धतीचा आहे. ही पद्धत दिवसेंदिवस जास्त लोकांना शहाणपणाची वाटायला लागली आहे, म्हणून हे लिहितोय.

कँटीनमधला उपाय

परवा ऑफिसच्या कँटीनमध्ये एसटीचा विषय निघाला. माझा एक सहकारी म्हणाला, "अरे, विकून टाका ना सगळं. एसटी, बेस्ट, पीएमपी. परमिट खुली करा. दहा कंपन्या येतील, तिकीट खाली येईल, एसी मिळेल, ॲप मिळेल. टेलिकॉमचं बघ की."

टेबलावरचे सगळे मान डोलावत होते. आमच्या पिढीला हे पटकन पटतं. सरकारी म्हणजे मोडकं आणि खाजगी म्हणजे ॲप, असं समीकरण आपल्या डोक्यात बसलंय. (टेलिकॉमचंच बघायचं तर आधी डझनभर कंपन्या होत्या. आज खाजगी किती उरल्या ते बोटांवर मोजा आणि रिचार्जचा आकडा आठवा.)

मी त्याला म्हटलं की हा प्रयोग झालेला आहे. चर्चासत्रात नाही, एका अख्ख्या देशात, खऱ्या रस्त्यांवर. ज्या शहरात तो सगळ्यात जोरात झाला त्या शहराने सदतीस वर्षांनी तो स्वतःच्या हाताने मागे घेतला. मागे घेताना मी तिथे होतो.

मँचेस्टर, २६ ऑक्टोबर १९८६

प्रोजेक्टसाठी मी दीडेक वर्ष मँचेस्टरला होतो आणि राहायला बोल्टनला. ग्रेटर मँचेस्टर म्हणजे दहा नगरपालिकांचा मिळून झालेला भाग. इथल्या बसचा इतिहास सांगतो, कारण आपल्या पुढ्यात काय वाढून ठेवलंय ते त्यात दिसतं.

१९६९ पर्यंत इथल्या प्रत्येक गावाची स्वतःची म्युनिसिपल बस होती. मँचेस्टरची वेगळी, सॅल्फर्डची वेगळी, बोल्टनची वेगळी. १९६८ च्या वाहतूक कायद्याने, म्हणजे बार्बरा कॅसल मंत्री असताना मांडलेल्या कायद्याने, अशा अकरा बस सेवा एकत्र करून एक सार्वजनिक संस्था झाली. १९७४ नंतर ती 'ग्रेटर मँचेस्टर ट्रान्सपोर्ट' या नावाने नारिंगी-पांढऱ्या बस चालवू लागली. मार्ग, वेळापत्रक आणि तिकीट एकाच ठिकाणी ठरायचं. भरलेल्या मार्गाच्या पैशावर रिकामा मार्ग चालायचा. आपल्या एसटीचं मूळ तत्त्व हेच.

मग थॅचर सरकार आलं. वाहतूक मंत्री निकोलस रिडली यांचं म्हणणं अगदी आमच्या कँटीनमधलं होतं: मक्तेदारीमुळे खर्च वाढलाय, स्पर्धा आणा, प्रवाशाला फायदा होईल. १९८५ चा कायदा झाला आणि २६ ऑक्टोबर १९८६ पासून लंडन सोडून ग्रेट ब्रिटनमध्ये बस खुली झाली. नियम सोपा होता. ज्याच्याकडे बस चालवायचं लायसन आहे त्याने मार्ग नोंदवायचा, बेचाळीस दिवस थांबायचं आणि बस सुरू करायची. बंद करायची तरी बेचाळीस दिवसांची नोटीस पुरे. कोणता मार्ग, किती वाजता, किती तिकीट, हे कंपनी ठरवणार. ज्या मार्गाला कोणीच हात लावणार नाही तेवढ्यापुरतं स्थानिक प्रशासनाने टेंडर काढून अनुदान द्यायचं.

त्याच दिवशी मँचेस्टरच्या सार्वजनिक बस सेवेची 'जीएम बसेस' नावाची कंपनी झाली. मालक अजून सार्वजनिकच होते, पण वागायचं कंपनीसारखं. काही महिन्यांतच, १९८७ च्या जानेवारीत, रस्त्यावर 'बी लाइन बझ' नावाच्या पिवळ्या मिनीबस धावू लागल्या. त्यानंतर छोट्या-मोठ्या कंपन्यांची रांग लागली.

त्या कुठे धावल्या? विल्म्स्लो रोडवर. मध्यवर्ती मँचेस्टरमधून युनिव्हर्सिटीवरून, हॉटेलांनी भरलेल्या रशोममधून फॅलोफील्डकडे जाणारा हा रस्ता. विद्यार्थी हजारोंनी, म्हणजे गिऱ्हाईक पक्कं. तिथे बसमागे बस, एकाच थांब्यावर चार कंपन्या, कोण आधी पोचतो याची शर्यत. युरोपातला सगळ्यात गजबजलेला बसमार्ग अशी त्याची ख्याती झाली. आपल्याकडे स्टँडबाहेर वडापवाले "चला सांगली, सांगली, सांगली" करत उभे असतात ना, तेच. फक्त गाड्या डबलडेकर आणि डोक्यावर पाऊस.

आणि रात्री दहानंतर, रविवारी, टेकडीवरच्या वस्तीत? तिथे स्पर्धा आली नाही. तिथे कंपनी म्हणायची, हा मार्ग आम्हाला परवडत नाही. मग प्रशासन टेंडर काढायचं, आणि बऱ्याचदा तीच कंपनी अनुदान घेऊन तोच मार्ग चालवायची. म्हणजे नफ्याचा रस्ता कंपनीचा आणि तोट्याचा रस्ता करदात्याचा. पूर्वी एकाच खिशात असलेले हे दोन रस्ते वेगळे केले एवढंच. भरलेल्या बसने रिकाम्या बसला सांभाळायचं ते नातंच कायद्याने तोडलं.

दहा कंपन्या किती दिवस दहा राहतात?

पुढची गोष्ट छोटी आहे. डिसेंबर १९९३ मध्ये जीएम बसेसचे उत्तर आणि दक्षिण असे दोन तुकडे केले. १९९४ मध्ये दोन्ही तुकडे त्यांच्याच कामगार-व्यवस्थापकांना विकले. ऐकायला किती छान, कामगारच मालक! ही मालकी दोन वर्षं टिकली. १९९६ मध्ये दक्षिण तुकडा स्टेजकोचने घेतला आणि उत्तर तुकडा फर्स्टबसने. दहा वर्षांत एका सार्वजनिक मक्तेदारीच्या जागी दोन खाजगी कंपन्यांनी नकाशा वाटून घेतला. छोट्या कंपन्या कडेकडेने राहिल्या, पण उत्तरेतल्या माणसाला फर्स्ट आणि दक्षिणेतल्या माणसाला स्टेजकोच, एवढीच निवड उरली.

हे कसं घडतं ते पाहायचं असेल तर डार्लिंग्टनला जा. उत्तर इंग्लंडमधलं छोटं शहर, नगरपालिकेची स्वतःची बस कंपनी. १९९४ मध्ये ती विकायला काढली. स्टेजकोचच्या हाती ती लागली नाही. तेव्हा स्टेजकोचच्या उपकंपनीने त्याच मार्गांवर स्वतःच्या बस फुकट चालवल्या आणि नगरपालिकेच्या कंपनीचे ड्रायव्हर जादा पैसे देऊन ओढले. घ्यायला आलेला दुसरा ग्राहक मागे सरला आणि काही आठवड्यांत नगरपालिकेची कंपनी बंद पडली. ब्रिटनच्या मक्तेदारी आयोगाने पुढच्या वर्षी अहवालात हे वागणं शिकारी, निंद्य आणि लोकहिताच्या विरोधात असल्याचं म्हटलं. तोवर कंपनी मेली होती. बस फुकट मिळते म्हणून ज्यांना आनंद झाला होता त्यांना नंतर तिकीट काढावंच लागलं.

फुकटातल्या राइड आणि पहिल्या वर्षीचे कूपन आपणही पाहिलेत. ॲपवर टॅक्सी पन्नास रुपयांत मिळायची ते दिवस आठवा आणि आज पावसात तोच रस्ता बुक करून बघा.

माझ्या खिशातला पास

मी बोल्टनला पोचलो तेव्हा पहिल्याच आठवड्यात एका कंपनीचा आठवड्याचा पास काढला. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी थांब्यावर बस आली, नंबर बरोबर, रस्ता बरोबर. पास दाखवला तर ड्रायव्हर म्हणाला, हा आमचा नाही. सगळ्या कंपन्यांना चालणारा पास वेगळा होता आणि महाग होता. एकाच रस्त्यावर, एकाच थांब्यावर, एकाच शहराच्या पोटात. मी थंडीत कुडकुडत हिशोब करत होतो की नक्की कुठली स्पर्धा माझ्या फायद्यासाठी चालली आहे.

आम्ही सॉफ्टवेअरमध्ये एक चूक वारंवार करतो. प्रत्येक टीम आपापला भाग वेगवान करते, आपापला आकडा सुधारते, आणि सगळं जोडल्यावर सिस्टीम आधीपेक्षा हळू चालते. कारण वापरणारा माणूस एका भागातून नाही, सगळ्या भागांतून जातो. बसचं तसंच आहे. प्रवासी फेरी विकत घेत नाही, तो जाणं आणि परत येणं विकत घेतो. रात्रीची परतीची बस नसेल तर तो सकाळची बसही सोडतो आणि हप्त्यावर दुचाकी घेतो. मग सकाळच्या फेरीचं भारमान पडतं. मग तीही बंद होते.

लंडन नावाची दुसरी बाजू

कोणी म्हणेल, बस तर सगळीकडेच मागे पडली, लोकांनी गाड्या घेतल्या. बरोबर आहे. ब्रिटनमध्ये बसचे प्रवासी १९८६ च्या आधीपासूनच घटत होते. आणि खुल्या बाजाराच्या बाजूने खरं ते सांगायचं तर बस चालवायचा किलोमीटरमागचा खर्च बराच खाली आला आणि सुरुवातीला रस्त्यावरच्या फेऱ्याही वाढल्या. त्या खर्चाच्या बचतीतला मोठा वाटा ड्रायव्हरच्या पगारातून आला, हेही खरं.

पण कायद्याने एक शहर वगळलं होतं. लंडन. आमच्या भाषेत याला ए-बी टेस्ट म्हणतात. लंडनमध्येही बस खाजगी कंपन्याच चालवतात, तिथल्या सरकारी बस कंपन्या १९९४ मध्ये विकल्या गेल्या. फरक एवढाच की मार्ग, वेळापत्रक आणि तिकीट सार्वजनिक संस्थेच्या हातात राहिलं. कंपनीने टेंडर भरायचं आणि सांगितलेली बस सांगितलेल्या वेळेला चालवायची. पुढच्या तीस वर्षांत लंडनच्या बसचे प्रवासी सुमारे दुप्पट झाले. इंग्लंडच्या बाकीच्या महानगर क्षेत्रांत ते निम्म्याहून कमी झाले.

टेस्ट शंभर टक्के स्वच्छ नाही, मान्य. लंडनला पैसा जास्त मिळाला, लोकसंख्या वाढली, २००३ पासून मध्यवर्ती भागात गाडी नेण्यावर शुल्क बसलं. पण नीट बघा. बसला पैसा देणं आणि मोटारीवर शुल्क लावणं, हे निर्णय कोणीतरी घेतले. घेऊ शकलं, कारण बसचं जाळं कोणाच्या तरी हातात होतं. मँचेस्टरच्या हातात १९८६ नंतर काही उरलंच नव्हतं. अनुदान दिलं तरी ते कंपन्यांनी सोडलेल्या मार्गांपुरतंच.

परत मागायला किती वर्षं लागतात

दिलेलं परत घेणं किती अवघड असतं ते बघा. २००० च्या कायद्याने शहरांना बसवर ताबा घ्यायचा एक मार्ग कागदावर दिला. त्या मार्गाने एकही शहर शेवटपर्यंत पोचलं नाही. न्यूकॅसलच्या भागाने मोठी तयारी केली, कंपन्यांनी विरोध केला आणि २०१५ मध्ये प्रस्ताव बारगळला. २०१७ च्या कायद्याने महापौर असलेल्या शहर-प्रदेशांना अधिकार मिळाले. मँचेस्टरचे महापौर अँडी बर्नहॅम यांनी मार्च २०२१ मध्ये निर्णय जाहीर केला. स्टेजकोच आणि रोटाला या कंपन्या कोर्टात गेल्या. २०२२ मध्ये आधी हायकोर्टाने त्यांचा दावा फेटाळला आणि मग अपीलही फेटाळलं गेलं.

२४ सप्टेंबर २०२३ ला पहिल्या टप्प्यात बोल्टन आणि विगनच्या बस पिवळ्या-काळ्या झाल्या. नाव 'बी नेटवर्क'. मार्च २०२४ मध्ये दुसरा टप्पा, ५ जानेवारी २०२५ ला तिसरा, आणि ग्रेटर मँचेस्टरच्या बस पुन्हा सार्वजनिक ताब्यात आल्या. बस आजही खाजगी कंपन्याच चालवतात, पण नकाशा, वेळ आणि तिकीट शहराचं. डेपोही शहराने विकत घेतले, कारण ज्याचा डेपो त्याचंच टेंडर, हे त्यांना कळलं होतं. एकेकाळी जे आपलंच होतं त्यासाठी पुन्हा पैसे मोजले.

त्या रविवारी मी मुद्दाम बस पकडली. फार काही वेगळं नव्हतं. बस थोडी उशिरा आली, नव्या मशीनशी ड्रायव्हर झगडत होता. शेजारी बसलेल्या गुजराती आजी (बोल्टनमध्ये गुजराती खूप) मला हिंदीत म्हणाल्या, "बेटा, पहले भी ऐसे ही था. बस का रंग नारंगी था." त्यांच्या आयुष्यातली सदतीस वर्षं त्या एका वाक्यात गेली होती.

आणि आपण?

आपल्याकडे असा एखादा २६ ऑक्टोबर येणार नाही. आपल्याकडे हे हप्त्याहप्त्याने येतं, म्हणून दिसत नाही.

१ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली, ती खाजगी बसवाल्यांच्या मनमानीला पर्याय म्हणून. म्हणजे खुला बाजार आपण आधीच एकदा बघितलाय. नंतर 'गाव तिथे एसटी' हे ब्रीद झालं. आज नव्या गाड्या वेळेवर येत नाहीत, भरती रखडते, सवलतींचे पैसे सरकारकडून उशिरा मिळतात, आणि मग तोटा झाला म्हणून फेऱ्या कमी होतात. २०२१-२२ चा संप पाच महिन्यांहून जास्त चालला. त्या काळात गावाकडचं जगणं वडापवर आलं आणि लोकांनी मुकाट दामदुप्पट भाडं दिलं. तो खुल्या बाजाराचा ट्रेलर होता. २०२३ च्या मार्चमध्ये बायकांना अर्धं तिकीट केलं तेव्हा गाड्या ओसंडून वाहिल्या. प्रवासी पळालेला नव्हता, तो थांब्यावरच उभा होता.

आता तुम्ही मला अडवाल: मँचेस्टरसारखं टेंडर मॉडेल बेस्टने केलं की! २०१९ पासून भाड्याच्या बस, मार्ग आणि तिकीट बेस्टचं. मग ते का फसलं? हा प्रश्न योग्य आहे. बेस्टने भाड्याच्या बस जादा म्हणून घेतल्या नाहीत, स्वतःच्या ताफ्याऐवजी घेतल्या. जुन्या गाड्या भंगारात गेल्या, नव्या स्वतःच्या आल्या नाहीत. किमान तिकीट पाच रुपये केलं, चांगलंच केलं, पण त्या फरकाचे पैसे भरायची पक्की जबाबदारी कोणी घेतली नाही. कमीत कमी दराला टेंडर घेतलेले ठेकेदार परवडेना म्हणून सोडून गेले. तेव्हा उतरवायला बेस्टकडे स्वतःच्या पुरेशा गाड्या नव्हत्या. मे २०२५ मध्ये किमान तिकीट दहा रुपये झालं. एसटीनेही ५,१५० विजेवरच्या गाड्या भाड्याने घ्यायचा करार केला आणि त्या थेंबाथेंबाने आल्या.

म्हणून माझं भांडण 'खाजगी' या शब्दाशी नाही. स्टिअरिंगवरच्या माणसाचा पगार कुठून होतो हा दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न, बस कुठे जाणार हे कोण ठरवतं. तो हक्क, डेपोची जमीन आणि ठेकेदार पळाला तर दुसऱ्या दिवशी रस्त्यावर उतरवता येईल एवढा स्वतःचा ताफा, या तीन गोष्टी सोडल्या की बाकी सगळं सुटतं. आज मोक्याच्या आगारांच्या जमिनींवर टॉवर आणि मॉलची चित्रं रंगतायत. मँचेस्टरला डेपो परत विकत घेता आले, कारण तिथे अजून डेपोच होते.

आणि चौथी गोष्ट, भारमान. फेरीचं भारमान मोजणं बंद करा असं मी म्हणत नाही. पण एकट्या फेरीचं मोजून ती तोडू नका. मुक्कामी गाडीचा हिशोब रात्रीच्या सात-आठ माणसांवर नाही, सकाळच्या साठ-सत्तर माणसांसकट करा. हे करायला कुठलं नवं तंत्रज्ञान लागत नाही. तिकीट मशीनमध्ये हा डेटा आहेच. माझ्यासारखा कुणीही इंजिनीअर आठवड्याभरात तो काढून देईल. प्रश्न विचारायची इच्छा लागते.

कँटीनमध्ये मी हे सगळं बोललो नाही. जेवणाची सुट्टी चाळीस मिनिटांची असते. मी त्याला एवढंच विचारलं, "दहा कंपन्या आल्या तर त्यातली कोणती रात्री साडेआठला आमच्या गावात मुक्कामाला येईल?"

तो हसला. म्हणाला, "यार, तिथे कोण येईल? तिथे धंदाच नाहीये."

बरोबर आहे त्याचं. तिथे धंदा नाही. तिथे सकाळी सहाला निघायला पाहिजे अशी एक मुलगी होती.